शेरा : स्थलांतरित

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्या दारातून दोन माणसं सामान घेऊन बाहेर पडली. एक मी, शारजाला निघालेला. दुसरे अण्णा, माझे वडील, निवडणुकीच्या ड्युटीवर निघालेले. अण्णा सासवडला शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मतदान होतं. त्यांच्या वाट्याला डोंगराकडच्या एका वाडीवरचं केंद्र आलं होतं. तहसील कचेरीतून मतपेटी, याद्या, शाईची बाटली, लाख, सुतळी असं सगळं मोजून ताब्यात घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत तिथे पोचायचं. त्यांच्या पिशवीत सतरंजी, टॉर्च आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. माझ्या बॅगेतही दशम्याच होत्या. आईने पीठ एकदाच मळलं होतं.

"एक दिवस थांबला असतास, तर मत देऊन गेला असतास," अण्णा चपला घालता घालता म्हणाले.

"तिकीट कंपनीनं काढलंय, अण्णा. माझ्या हातात नाही."

"हं." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "ज्या गावात आपलं मत नाही, त्या गावात आपण पाहुणे. पाहुणा म्हणून जातोयस तर जा. पण पाहुण्यानं फार दिवस राहू नये."

एवढं बोलून ते फाटकाबाहेर पडले. मी नमस्कार करायला वाकायच्या आत वळले होते. मागाहून मी पुण्याची एस.टी. पकडली. धाकटा भाऊ मिलिंद सोडायला आला होता. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. माझी बॅग टपावर चढवताना म्हणाला, "दादा, मला पण बोलाव रे तिकडे." मी हो म्हणालो. दोन वर्षांनी तो अमेरिकेला गेला, त्याच्या स्वतःच्या हिमतीवर, मला न विचारता. चांगलंच केलं.

मला इथे शारजात पंचवीस वर्षं झाली. अण्णांच्या हिशोबाने पाहुण्याने बराच मुक्काम केला.

तुमच्यातले जे तिकडे गावी राहिले त्यांना आमचं इथलं आयुष्य मॉल आणि उंच इमारतींच्या फोटोंमधून ठाऊक आहे. माझं आयुष्य शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका ॲल्युमिनियम आणि काचेच्या वर्कशॉपमध्ये गेलं. मी एस्टिमेटर. ड्रॉइंग बघून किती काच, ॲल्युमिनियमच्या किती पट्ट्या, सांध्यांना किती सिलिकॉन लागेल ते काढायचं. दुबईतल्या ज्या चकाकणाऱ्या भिंतींचे फोटो तुम्ही काढता, त्यांतल्या काहींच्या काचा आधी माझ्या कागदावर उभ्या राहिल्या. पहिली सहा वर्षं तीन जणांत एक खोली. मग नीताशी लग्न, अल नहदा भागातला फ्लॅट, मग सईचा जन्म. फोरमनचं 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, चला, साहेबाचं 'खलास', आणि दर वेळी व्हिसा रिन्यू करताना अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याचं 'इन्शाल्ला'. या तीन शब्दांवर माणूस इथे पंचवीस वर्षं काढू शकतो. मी काढली.

इथल्याबद्दल माझी तक्रार नाही, हेही लिहितो. आमच्या बिल्डिंगसमोर रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागायचा. सईला शाळेच्या बसपर्यंत नेताना नीता रोज देवाचं नाव घ्यायची. एके दिवशी तिथे पादचारी पूल दिसला. आम्ही मागितला नव्हता, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पूल चांगला झाला, लिफ्टसकट. मी त्या पुलावरून रोज जायचो आणि मनात यायचं, हा झाला तसा उद्या काढूनही टाकला, तरी आपण फक्त बघायचं. त्यात दुःख असं काही नव्हतं. भाड्याच्या खोलीत कुणी भिंतीला रंग कोणता म्हणून भांडत नाही.

मिलिंदच्या बाबतीत नेमकं उलटं झालं, आणि तेही रस्ता ओलांडण्यावरूनच.

तो न्यू जर्सीत राहतो. त्याच्या वसाहतीसमोरून मोठा रस्ता जातो. पलीकडे देऊळ आणि अलीकडे म्हाताऱ्यांची घरं. आपल्याकडची मंडळी नातवंडं सांभाळायला तिकडे जातात ना, ती सगळी संध्याकाळी रस्ता ओलांडून आरतीला जायची. एका गुजराती आजोबांना तिथे गाडीने उडवलं. पाय गेला त्यांचा. मिलिंद गावच्या कचेरीत गेला, तर ते म्हणाले, हा रस्ता राज्याचा, सिग्नल बसवणं आमच्या हातात नाही. मग तो राज्याच्या असेंब्लीत त्यांच्या भागातून निवडून गेलेल्या माणसाकडे गेला. तो माणूस दर दिवाळीला देवळात यायचा, शाल घ्यायचा, 'नमस्ते' म्हणून हात जोडायचा आणि चिवड्याची डिश हातात धरून फोटो काढायचा. सिग्नलचं पत्र त्याने वर्षभर दाबून ठेवलं.

मिलिंदने मग काय करावं? त्याने एका सुनावणीच्या दिवशी दोन बस भरून म्हातारे-म्हाताऱ्या राज्याच्या राजधानीत नेल्या. नऊवारी, पाचवारी, बंडी, कानटोपी, जे असेल ते घालून. त्या गुजराती आजोबांना व्हीलचेअरवर सगळ्यांत पुढे बसवलं. सहा महिन्यांत सिग्नल लागला.

"दादा, इथले आपले लोक दिल्लीवर बोलतात, वॉशिंग्टनवर बोलतात," तो फोनवर मला म्हणाला. "पण रस्ता, शाळा, डॉक्टरचं लायसन, सगळं राज्याच्या हातात. तिथे आपलं कुणी जातच नाही. नुसत्या शाली देतात."

तिथल्या मराठी मंडळातले लोक त्याच्यावर नाराज झाले. मंडळात राजकारण नको, म्हणाले. गणपतीत तर उघडपणे, "आपण इथे शिकायला-कमवायला आलोय, कशाला डोळ्यांवर यायचं," असं एका वडीलधाऱ्याने ऐकवलं. मला ते वाक्य फार ओळखीचं वाटलं. मी स्वतः ते शंभर वेळा म्हटलेलं आहे. माझ्या देशात ते शहाणपण होतं. मिलिंदच्या देशात ते निव्वळ भित्रेपण ठरलं, आणि तो राज्याच्या असेंब्लीच्या निवडणुकीला उभा राहिला.

'माझ्या देशात' असं लिहून गेलो. राहू द्या तसंच.

त्याने नागरिकत्व घेतलं तेव्हा आई जिवंत होती. ती रडली. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला फोनवर एकच विचारलं, "तिथे मत देता येतं का तुला आता?"

"येतं, अण्णा."

"मग दे. नीट वाचून दे."

त्यानंतर अण्णांनी त्या राज्याचा अभ्यासच मांडला. मिलिंद उभा राहिला तोवर आई गेली होती. अण्णांनी तिच्या फोटोखाली भिंतीवर मिलिंदच्या मतदारसंघाचा नकाशा चिकटवला. कुठल्या गावात किती भारतीय, किती नोंदणी झालेले, हे त्यांना पाठ. मी सुट्टीवर गेलो की मला परीक्षा घेतल्यासारखं विचारायचे. आणि शेजाऱ्यांशी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हा थोरला, दुबईचा." मी पंचवीस वर्षं शारजात राहतोय. ते मी सुरुवातीला दुरुस्त करत असे, मग सोडून दिलं.

माझी मुलगी सई तेव्हा मिलिंदकडे होती. बारावीनंतर तिला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती काकाकडे राहायला गेली. तिचा जन्म शारजाचा, पासपोर्ट भारताचा, शिक्षण अमेरिकेचं. ती काकाच्या प्रचारात शिरली. पगार न घेता काम करायला परदेशी विद्यार्थ्यांना परवानगी असते. दारोदार जायचं, घंटी वाजवायची, पत्रक द्यायचं. ती मला फोन करायची आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, लहानपणापासूनची सवय.

"जेवलीस का?"

"बाबा, आय डिड फॉर्टी डोअर्स टुडे."

तिच्या आवाजात तेव्हा जे होतं, ते मी शारजात कधी ऐकलं नव्हतं. इथे ती अभ्यासू, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिकडे ती अनोळखी माणसाच्या दारात उभी राहून शाळेच्या बजेटवर वाद घालत होती.

एकदा मात्र तिचा फोन वेगळा आला. एका गोऱ्या आजीबाईंनी तिला घरात घेऊन चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तू तुझ्या काकाला मत देणार ना? सई म्हणाली, मला इथे मत नाही. मग तुझं मत कुठे असतं?

"सो वेअर डू आय वोट, बाबा?" ती मला विचारत होती. "शारजात नाही, राइट? इथे नाही. देन वेअर?"

"सासवडला," मी ताबडतोब म्हणालो. "आपलं घर आहे ना तिथे. माझं नाव आहे यादीत. तुझंही घालू."

"यू वोट देअर?"

"एकदा सुट्टी जुळली तेव्हा दिलंय. पुढच्या वर्षी विधानसभा आहे. मुद्दाम जाईन. बघच तू."

मिलिंद निवडून आला. थोड्या मतांनी, पण आला. सासवडच्या चौकात फ्लेक्स लागला, 'सासवडचे सुपुत्र अमेरिकेच्या विधानसभेत'. फ्लेक्सच्या तळाला शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची ओळ होती. पतसंस्थेचे चेअरमन, दोन माजी नगरसेवक, एक मेडिकलवाला, आणि डावीकडून पाचवा मी. खाली नाव 'श्रीकांत, दुबई'. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले आणि त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला. मी अभिनंदन लिहिलं. मनापासून लिहिलं, पण नंतर फोन पालथा ठेवला. नीता म्हणाली, "भाऊ आहे तुझा." मी म्हणालो, "म्हणूनच."

पुढच्या वर्षी मी खरंच रजा टाकली. चार दिवस. आमच्या ऑफिसात रशीदभाई म्हणून आहेत, श्रीवर्धनचे, अकाउंट्स बघतात. ते दर निवडणुकीला गावी जाऊन येतात. त्यांनी मला विचारलं, "श्रीकांतभाऊ, यादीत नाव बघितलंत काय?"

"बघायचं काय त्यात? माझे वडील तीस वर्षं निवडणुकीची कामं करत होते. आमच्या घरची नावं कशी जातील?"

"तरी बघून घ्या. आम्ही दर वेळी बघतो. आम्हाला सवय झालीय." ते हसले. मला ते हसणं तेव्हा समजलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी अण्णांना हात देऊन शाळेत नेलं. ब्याऐंशी वर्षांचे झालेत, तरी सदरा इस्त्रीचा, खिशाला पेन. त्यांच्याच शाळेत केंद्र होतं. फाटकापासून वर्गापर्यंत दहा माणसांनी त्यांना नमस्कार केला. म्हाताऱ्यांना रांग नाही, म्हणून आम्ही दोघे थेट आत. टेबलावरच्या पोराने अण्णांचं नाव मोठ्याने वाचलं, खूण केली. मग माझं ओळखपत्र घेतलं, यादीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

"काका, तुमचं नाव नाही."

"नीट बघा. त्याच घर नंबरावर असेल."

"घर नंबरावर एकच नाव आहे. सरांचं."

त्याने मला बाहेर व्हरांड्यात पाठवलं. तिथे बी.एल.ओ. बसतात, म्हणजे त्या भागाच्या यादीचं काम बघणारी व्यक्ती. त्या एक शिक्षिका होत्या, शिंदे मॅडम, चाळिशीच्या. त्यांच्याकडे जुन्या नोंदींचा गठ्ठा होता. मी जरा आवाज चढवूनच बोललो असेन. विमानाचं तिकीट काढून आलोय, रजा घालून आलोय, असं काहीबाही. त्या शांतपणे पानं उलटत होत्या.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी वगळलंय. तुमचं आणि मिलिंद नावाचं, दोन्ही एकाच दिवशी. शेरा आहे, स्थलांतरित."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघितलं. अण्णा दारात उभे होते.

"सरांनीच फॉर्म भरून दिला होता," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मी तेव्हा नवीन होते. सर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. घरोघरच्या आया-बापांना मी सांगत होते, परगावी गेलेल्या मुलांची नावं कमी करा म्हणून. कुणी ऐकत नव्हतं. सरांनी पहिला फॉर्म स्वतःच्या घरचा दिला."

आत वर्गातून अण्णांना हाक आली. ते मान वळवून आत गेले, बोटाला शाई लावून घेतली आणि मत दिलं. मशीनचा लांब बीप मला व्हरांड्यात ऐकू आला. मी तिथल्या बाकावर बसलो होतो. मुलांचा बाक होता, गुडघे छातीला लागत होते.

रिक्षात मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. चौक यायच्या आत बोललो.

"मला निदान कळवायचं होतंत."

"नोटीस आली होती. तुझ्या नावाची. घरच्या पत्त्यावर आली."

"मग?"

"मीच घेतली. तू इथे राहत नाहीस हे खरंच होतं. खोटं काय लिहायचं त्यावर?"

"मिलिंदचं ठीक आहे. तो त्या देशाचा झाला. माझं का?"

"एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा कसा लावू?" अण्णा समोर बघत म्हणाले. "त्याला तिकडे मत मिळालं. मला वाटलं, तुलाही तिकडे असेलच. इतकी वर्षं राहिलायस."

"अण्णा, तिथे आमच्यापैकी कुणालाच नसतं. पन्नास वर्षं राहिलं तरी."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. गणित चुकलेल्या मुलाकडे ते जसे बघायचे तसे. फक्त या वेळी चूक कुणाची हे त्यांना उमजत नव्हतं.

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

दोन्ही खरं होतं. मिलिंदला त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? काच किती लागली, पगार वेळेवर झाला, सईला नव्वद टक्के पडले, हे मी सांगत आलो. मला तिथे कुणी मोजत नाही, हे वडिलांना फोनवर कसं सांगतात?

घरी आल्यावर वरण-भात झाला. अण्णा आरामखुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेऊ लागले. तेवढ्यात सईचा मेसेज आला. तिच्याकडे पहाटेचे चार वाजले असतील, मुद्दाम गजर लावून उठली होती. 'डिड यू वोट? शो मी द फिंगर!'

मी उत्तर लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. शेवटी उठलो. अण्णांचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता, तर्जनीवर ताजी शाई. मी फोन जवळ नेला आणि बोटाच्या फक्त टोकाचा फोटो काढला. सुरकुत्या दिसू नयेत म्हणून कडा कापल्या. तिला पाठवून दिला.

माझं वय त्रेपन्न. आयुष्यात मी चार-दोन टेंडरमध्ये लबाडी केली असेल. पण झोपलेल्या वडिलांचं बोट मी चोरलं, हे त्या सगळ्याहून खालचं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं.

सईने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. 'बाबा फ्लू टू थाउजंड किलोमीटर्स टु वोट. प्राउड डॉटर.' काकाचं घरही तिने उठवलं असावं, कारण मिलिंदने लगेच लिहिलं, 'दादा, तू खरा नागरिक.' मिलिंदच्या बायकोने जोडलेले हात पाठवले, पुतण्यांनी झेंडे. नीताने शारजाहून फुलं.

चार वाजता अण्णा उठले. मी चहा ठेवला. ते नेहमीप्रमाणे चष्मा लावून फोन बघू लागले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. त्यांनी फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. अण्णांच्या त्या नखाला मधोमध उभी चीर आहे, शाळेच्या कपाटात बोट सापडल्यापासूनची. लपवावी म्हटलं तरी ती लपत नाही. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

हा माणूस एका वाडीवर एका बाईच्या नावावर बोगस मत पडलं म्हणून रात्रभर बसून वरिष्ठांना चार पानी पत्र लिहिणारा. या माणसाने स्वतःच्या दोन मुलांची नावं स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. आता ते ग्रुपवर लिहिणार, 'हे बोट माझे आहे.' मी वाट बघत उभा राहिलो. चहा उतू गेला.

अण्णांनी फोन बंद करून टेबलावर ठेवला. "साखर कमी घाल," म्हणाले.

त्यांनी ते कधीच लिहिलं नाही. कुणाला सांगितलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं की बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्यासाठी अण्णांनी नियम मोडला तो एवढाच, आणि त्यासाठी मला त्यांना खोट्यात ओढावं लागलं.

सईला मी खरं सांगितलं, ती नाताळच्या सुट्टीत शारजाला आली तेव्हा. आम्ही दोघं त्या पुलावर होतो, खाली गाड्यांची रांग लागली होती. ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी विनोद करत नाही.

"यू लाइड टु मी अबाउट अ वोट," ती म्हणाली. मग चक्क मराठीत म्हणाली, अडखळत, शब्द शोधत. "बाबा, मी तिकडेच राहणार. जॉब करेन, मग जे पेपर्स लागतात ते करेन. पंधरा वर्षं लागली तरी. मला पन्नास वर्षांची होऊन आजोबांचं बोट नाही वापरायचं."

मी तिला काय सांगणार? ती माझी एकुलती एक. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं." लिफ्टने खाली आलो. नीताला तिने स्वतः सांगितलं. नीता त्या रात्री जेवली नाही.

जानेवारीत अण्णांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. "परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा फॉर्म आहे म्हणे. शिंदेबाईंनी सांगितलं. पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव लागतं. भर." मी भरला. आमच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करणं सुरू झालं होतं, आणि रशीदभाई म्हणाले, आता कशाला, वर्ष-दोन वर्षांत परतच जायचंय ना. परत गेलं की हे नाव रद्द होतं आणि पुन्हा साधा फॉर्म भरावा लागतो. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तरी मी भरला.

तपासणीला शिंदे मॅडम सासवडच्या घरी गेल्या. काय झालं ते त्यांनीच मला नंतर फोनवर सांगितलं. त्यांना नियमाप्रमाणे विचारावं लागलं, हा माणूस या घरचा आहे का. अण्णा म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले, वर्गात इन्स्पेक्टर आल्यावर उभे राहायचे तसे. म्हणाले, "राहत नाही. पण इथला आहे. लिहून घ्या." आणि सही केली.

नाव लागलं. मी ऑनलाइन बघितलं. सगळी घरं, सगळे घर नंबर संपल्यावर, यादीच्या अगदी शेवटच्या पानावर परदेशातल्यांसाठी वेगळा भाग असतो. त्या भागात एकच नाव होतं.

तुम्ही मला विचाराल, आता घर कुठलं, तर शारजाचा फ्लॅट मी सांगू शकत नाही, तो नोकरीबरोबर जाईल. लेकीचं घर समुद्रापार उभं राहतंय आणि तिथे मी व्हिसा काढून जाणारा. सासवडच्या घराच्या भिंती आहेत, पण त्या भिंतींना मी ठाऊक नाही. माझ्याकडे घर म्हणून आज एवढंच आहे की एक माणूस सरकारी कागदासमोर उभा राहून, मी त्या जागेचा आहे, असं सांगतो. तो माणूस त्र्याऐंशी वर्षांचा आहे.